परळचे हाफकिन

मुंबईत परळ भागात जुन्या, भव्य बांधणीची एक वास्तू आहे. पोर्तुगीजांच्या अमदानीत तेथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता. पुढे इंग्रज गव्हर्नरांनी तेथे आपले निवासस्थान केले. ज्या दालनांत एके काळी मेजवान्या झडत, त्याच दालनांत इ. स. १८९९ च्या ऑगस्ट महिन्यापासून काचेची चंबूपात्रे, स्पिरिटचे दिवे आणि सूक्ष्मदर्शक यंत्रे मांडली गेली. या वास्तूतील संस्थेस ज्यांचे नाव लाभले आहे ते वाल्डेमार हाफकिन जन्माने भारतीय नव्हते. इतकेच काय, त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवीही नव्हती. तरीसुद्धा प्लेगच्या काळात या देशातील लक्षावधी दंडांवर जी लस टोचली गेली, ती त्यांच्या हातची होती. एका खेड्यात त्या लसीची एक बाटली उघडताना काय घडले आणि त्यापायी या माणसाला काय सोसावे लागले, ही हकिकत त्यांच्या चरित्रातील सर्वांत क्लेशदायक आहे. आणि तीच सर्वांत अधिक शिकण्यासारखीही आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. इल्या मेचनिकॉव्ह हे जगद्विख्यात शास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. परंतु तो काळ रशियातील ज्यू लोकांच्या छळाचा होता. जमाव त्यांच्या वस्त्यांवर चालून जात आणि घरेदारे लुटीत. तरुण हाफकिन आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी पुढे झाले आणि तुरुंगात पडले. मेचनिकॉव्ह यांनी खटपट केली म्हणून त्यांची सुटका झाली. पुढे विद्यापीठात चांगली जागा मिळण्यासाठी त्यांना धर्मांतर करण्याचे सुचविण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. जागा गेली आणि १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला.

प्रथम ते स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे गेले आणि तेथून पुढच्या वर्षी पॅरिसला आले. लुई पाश्चर यांची संस्था तेव्हा नुकतीच उभी राहिली होती आणि मेचनिकॉव्हही तेथेच होते. पण शास्त्रज्ञाची एकही जागा रिकामी नव्हती. होती ती ग्रंथालयातील सहायकाची. ती त्यांनी पत्करली. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात पटकीच्या जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम चालला होता. या अभ्यासातून त्यांनी पटकीवरची लस सिद्ध केली. ती माणसाला अपाय करीत नाही हे दाखवावे कसे, हा पुढचा प्रश्न. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांनी ते पुन्हा कामाला लागले.

लस म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. एखाद्या रोगाचे जंतू मारून किंवा दुबळे करून शरीरात घातले म्हणजे शरीर त्या शत्रूला ओळखू लागते व त्याच्याशी झुंजण्याची तयारी करून ठेवते. पुढे खरा शत्रू आला तर तो बेसावध शरीरावर चाल करू शकत नाही. शेजारच्या गावावर दरोडा पडल्याची वार्ता येताच शहाणा पाटील आपल्या गावाची गस्त वाढवितो, तसाच हा प्रकार आहे.

पटकीचे माहेर बंगालमध्ये मानले जाई. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास आले. पुढील दोन-अडीच वर्षांत गावोगाव हिंडून त्यांनी ४०,००० हून अधिक लोकांना लस टोचली. लोक प्रथम भीत. काही ठिकाणी दगडही खावे लागले. परंतु कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत एकाच घरातील टोचलेली माणसे वाचतात आणि न टोचलेली आजारी पडतात, हे दिसू लागले तेव्हा लोक आपण होऊन रांगा लावू लागले. अखेर हिवतापाने हाफकिन यांचे शरीर पोखरले आणि त्यांना युरोपात परतावे लागले. प्रकृती सुधारताच १८९६ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग्यास जोराचा ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि पुष्कळदा तीन-चार दिवसांत सारा कारभार आटोपे. लोक मुंबई सोडून पळू लागले. रोगही त्यांच्याबरोबर पळाला आणि पुण्यास पोहोचला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोजीर घराघरांत शिरू लागले, त्यांच्या वर्तनाने लोक संतापले आणि २२ जून १८९७ रोजी चिंचवडच्या चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. गाव ओस टाकून माळावर झोपड्या घालून राहावे, असे दिवस पुढे कित्येक वर्षे आपल्या जिल्ह्यातील गावांना वारंवार पाहावे लागले. सरकारी माणूस सुई घेऊन दारात उभा राहिला, तर त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना यावरून करता येईल.

अशा वेळी हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक पडवी मिळाली. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. त्यांची रीत मोठी विचारपूर्वक ठरविलेली होती. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. गाईचे अथवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू किंवा मुसलमान त्या लसीला शिवणार नाहीत, हे जाणून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. थेंबांना धरून प्लेगचे जंतू गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे खाली वाढत जात. पात्र हलविले की ते तळाशी बसत आणि वर नवे जंतू वाढू लागत. काही आठवड्यांनी तो सर्व रस तापवून जंतू मारीत आणि त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालून तो बाटल्यांत भरीत. पटकीच्या वेळी केले तेच त्यांनी येथेही केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेच्या कित्येक पट. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी राजी झाले त्यांना लस टोचली. त्यांच्यात रोग फार थोड्यांना झाला, तर न टोचलेल्यांत पुष्कळ अधिक जणांना झाला आणि त्यांतील काही दगावले.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः सर्वांदेखत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली एक वास्तूही दिली. काम वाढता वाढता तीही अपुरी पडली आणि मग परळची ती जुनी हवेली मिळाली.

आता आपण मलकोवालकडे वळू.

प्लेग उत्तरेकडे पसरत पंजाब प्रांतात पोहोचला होता. तेथील सरकारने १९०२ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे ठरविले. परळला मागणी इतकी प्रचंड आली की जुन्या, सावकाश रीतीने ती पुरविणे अशक्य होते. तेव्हा हाफकिन यांनी लस तयार करण्याच्या रीतीत फरक केला. जंतू झटपट वाढतील असे निराळे माध्यम त्यांनी वापरले. आणि उष्णतेने जंतू मरतात याची खात्री असल्यामुळे कार्बोलिक ॲसिड घालण्याचे सोडून दिले. या बाटल्या परळहून निघून आगगाडीने दूर पंजाबात जात व तेथे गावोगाव टोचण्याच्या ठिकाणी उघडल्या जात. बाटलीचे बूच एकदा निघाले म्हणजे तिच्यावर परळची सत्ता संपली. पुढे सारे अवलंबून असे ते उघडणाऱ्याच्या हातावर.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी एकाहून अधिक बाटल्या उघडल्या होत्या. सुमारे आठवड्याने काही जणांचे जबडे आखडू लागले, मान ताठली, शरीर धनुष्याप्रमाणे वाकू लागले. हा धनुर्वात होता. एकूण १९ माणसे दगावली. ती सर्व एकाच बाटलीतून टोचलेली होती. अन्य बाटल्यांतून टोचलेल्या एकालाही काही झाले नाही. हाफकिन यांच्या चरित्रांतून या एकोणीस जणांचा उल्लेख बहुधा एवढ्या आकड्यानेच होतो. पण प्लेगपासून जीव वाचावा म्हणून विश्वासाने हात पुढे करणारी ती माणसे होती, हे विसरून चालणार नाही. हाफकिन यांची बाजू मांडताना त्यांचे दुःख हलके करण्याचे काही कारण नाही.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. बाटली खेड्यात उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, दूषित झालेली होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक ॲसिड वगळले हा गोष्टीचा धागा धरून दोष हाफकिन यांच्या माथी आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून इंग्लंडला गेले. जो वैद्य नाही, जो इंग्रज नाही, त्याच्या हाती एवढे मोठे कार्य असावे, हे वैद्यकीय खात्यातील काही जणांना पूर्वीपासूनच रुचत नव्हते. आयोगाच्या निर्णयात या नाराजीचा किती वाटा होता हे सांगणे कठीण आहे. परंतु हाफकिन यांच्या बाजूने उभे राहणारे अधिकारी त्या वेळी थोडेच निघाले, हे खरे.

साक्षीपुराव्यात मात्र एक लहानशी गोष्ट नमूद होती. बाटलीचे बूच काढण्यासाठी जो चिमटा वापरायचा, तो मलकोवाल येथे मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडविला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. चिमटा दिव्याच्या ज्योतीवर धरून तापविला गेला नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे घर म्हणजे माती आणि गुरांचे शेण. खेड्यातील अंगणात दोन्हींचा तोटा नसतो. हे जंतू प्रतिकूल काळात स्वतःभोवती टणक कवच निर्माण करतात. ते बीजरूप इतके चिवट असते की औषधी पाण्यात क्षणभर बुडवून ते मरत नाही, आगच हवी.

हा पुरावा उलगडून पाहिला म्हणजे निर्णय कोणत्या बाजूला झुकतो, ते आपणच ठरवावे. धनुर्वाताचे जंतू परळला बाटलीत शिरले असते, तर त्यांना मलकोवालला पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे मिळाले असते. तेवढ्या काळात बंद बाटलीत ते भरपूर वाढले असते आणि त्यांनी आपले विष त्या रसात साठविले असते. असे तयार विष टोचले असता रोगाची लक्षणे लवकर दिसावयास हवी होती. ती दिसली सुमारे आठवड्याने. जंतूंचे थोडेसे बीज शरीरात जाऊन तेथे रुजावे, वाढावे आणि मग विष उत्पन्न करावे, यास जेवढा काळ लागतो तेवढाच हा काळ आहे. दुसरे असे की, धनुर्वाताचे जंतू वाढलेल्या द्रवास उग्र दुर्गंध येतो. ही बाटली उघडली तेव्हा तिला तसा दुर्गंध आला नव्हता. तात्पर्य, जंतू बाटलीत शिरले ते बूच निघाले त्या क्षणी.

हा युक्तिवाद इंग्लंडमधील नामवंत शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांत रोनाल्ड रॉस प्रमुख होते. डासांच्या द्वारे हिवताप पसरतो हे सिद्ध करणारे, नोबेल पारितोषिक मिळविलेले हेच ते रॉस. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे एक पत्र लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. अखेर त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा हिंदुस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. निर्दोष माणसाला न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. मधल्या काळात पंजाबात लसीवरचा लोकांचा विश्वास उडाला होता आणि प्लेग तर चालूच होता. पडलेल्या एका चिमट्याची किंमत मोजावयाची तर तीही त्यात धरली पाहिजे.

आजच्या वाचकाला वाटेल की, या सर्व जुन्या गोष्टी झाल्या. आता बुचाच्या बाटल्या कोठे आहेत? खरेच आहे. आज लसीच्या कुपीला रबराचे झाकण असते, ते न काढता त्यातूनच सुई आत जाते, आणि प्रत्येक माणसासाठी नवी, बंद वेष्टनातील सुई असते. परंतु कारखान्यापासून दंडापर्यंतचा प्रवास अजून तितकाच नाजूक आहे. फ्लूची लस घ्या. राजगुरुनगर, चाकण किंवा पिंपरी येथील एखाद्या दवाखान्यात ती येते तेव्हा थंड पेटीत बर्फाच्या थैल्यांबरोबर येते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेत राहिली पाहिजे. उन्हाळ्याच्या उष्म्यात राहिली तर तिचा गुण क्षीण होतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण गोठली तरीही ती वाया जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अधिक गार म्हणजे अधिक चांगली, असा समज करून कोणी ती बर्फाच्या कप्प्यात ठेवली, तर दिसावयास कुपी पूर्ववत दिसेल आणि आत काही उरलेले नसेल. बिघडलेले दूध नासून आपली वर्दी देते. बिघडलेली लस बहुधा काहीच सांगत नाही.

म्हणून चांगल्या दवाखान्यात लसीसाठी वेगळे शीतकपाट असते. त्यात डबे, फळे किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवीत नाहीत, कारण दार जितक्या वेळा उघडावे तितक्या वेळा आतली हवा तापते. दाराच्या कप्प्यातही कुपी ठेवीत नाहीत. मधल्या फळीवर, भिंतीला न टेकता ठेवतात. आत उष्णतामापक असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्यावरचा आकडा वहीत लिहिला जातो. वीज गेली तर दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. अनेक मात्रांची कुपी उघडली तर तिच्यावर उघडल्याची तारीख घालावी लागते, आणि ठरलेली मुदत संपल्यावर उरलेली लस टाकून द्यावी लागते. फ्लूचे विषाणू रूप बदलत असल्यामुळे त्यावरच्या लसीची घटकद्रव्ये वेळोवेळी बदलतात. गेल्या हंगामाची कुपी शिल्लक आहे म्हणून ती या हंगामात चालत नाही. हे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरांपेक्षा परिचारिका किंवा औषधनिर्माता करीत असतो. त्याचे कौतुक कोणी करीत नाही, कारण ते नीट झाले तर काहीच घडत नाही.

टोचणीचा क्रमांक, कुपीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहिण्याची शिस्त कंटाळवाणी वाटते खरी. पण मलकोवाल येथे ते एकोणीस जण एकाच बाटलीचे होते हे कळले, ते अशा नोंदीमुळेच. ती नोंद नसती तर सगळीच लस विषारी ठरली असती आणि हाफकिन यांना निर्दोष ठरविणे कोणालाही शक्य झाले नसते.

हाफकिन परत आले खरे, पण परळला नव्हे. तेथील जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले आणि तेथे त्यांना मनाजोगते प्रयोग करण्याची मोकळीक राहिली नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या देशासाठी वेचली तेथे त्यांना आता केवळ दिवस काढावे लागत होते. १९१४ मध्ये सेवानिवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात धर्मचिंतनाकडे त्यांचे मन वळले.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. त्यांनी पत्राने कृतज्ञता कळविली. १८९७ पासून तोवर परळहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या होत्या. पुढे त्याच नावाचे औषधनिर्मितीचे महामंडळ स्थापन झाले आणि आपल्या पिंपरीतही त्याचे केंद्र उभे राहिले. १९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले; ते पाहावयास हाफकिन नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचा अंत झाला होता. आपली सारी शिल्लक त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या धार्मिक पाठशाळांसाठी ठेवली होती. मात्र त्या पाठशाळांत विज्ञानही शिकविले जावे, अशी अट त्यांनी घातली होती.